फळीवरची दिवाळीची गोष्ट

“बाईच्या पोटात गोष्ट रातभर टिकत नाही, आन् इथं तं पोळ्यापासून दिवाळी आली. बाईनं लिहेल नाही हे.”

बोलणारा कापसाचा अडत्या होता. पडद्याआडून मला त्याचे फक्त जोडे दिसत होते, करकरणारे, टाचेला लोखंडी नाल ठोकलेले. मी आत पंचांगांचे गठ्ठे सोडत बसले होते. सुतळीच्या गाठीवरचा माझा हात तिथंच थांबला.

“मंग पुरनाचं इतकं कसं माहीत त्याले?” हा समोरचा शिंपी. “कट किती काढाचा, दाळ बोटानं कशी पाहाची. मले तं नाही माहीत बाप्पा.”

“तुले बायको चुलीजवळ येऊ देत नसन. गुरुजीची बायको पुरनात एक नंबर आहे. तिनं सांगतलं असन.”

“गुरुजी लिहून राह्यले?”

“नाही तं कोन? वाचते कोन फळीवरचं? थेच. मंग लिहते कोन?”

मामांनी पंचांगाचे पैसे घेतले आणि एक शब्द बोलले नाहीत. मीच त्यांना तसं वचन द्यायला लावलं होतं.

वाशीमला मामांचं पुस्तकांचं दुकान होतं. पुस्तकांचं म्हणायचं एवढंच. विक्री पाट्या, पेन्सिली, शाई, पंचांगं आणि पोथ्यांची जास्त. पुढं दुकान, मागं घर, मधे खादीचा पडदा. पडदा धुऊन धुऊन आटला होता, त्यामुळं खालची वीतभर जागा उघडी राहायची. मी नागपूरहून आले तेव्हापासून वाशीमची माणसं पायांवरून ओळखत होते. केनवडचे शेतकरी आले की काळी माती पायऱ्यांवर झडायची. शिरपूरच्या मंदिराला जाणारे जैन यात्रेकरू अनवाणी असायचे, पाय धुतल्यासारखे स्वच्छ. गुरुजींच्या चपलेचा एक अंगठा कायम तुटलेला.

वडील रेल्वेत होते. नागपूरला असताना त्यांनी मला मिशनच्या इंग्रजी शाळेत घातलं. तिथं मराठी बोललं की उभं करत. पुढं आई गेली, वडिलांची बदली लांब झाली आणि मी मामांकडे आले. इथं माझं मराठी ऐकून लोक हसत. मी वाईट बोलायची असं नाही. नीट, सावकाश, एकेक शब्द ठेवून बोलायची, आणि तेच त्यांना मजेशीर वाटायचं. गल्लीतल्या बायका मला ‘मडम’ म्हणत. “मडमले इंग्रजीत सांगा, मराठीत पाय घसरते तिचा.” मी हळूहळू बोलणंच सोडलं. न बोलणाऱ्या माणसाला ऐकू फार येतं. दुकानात कोण काय मागतं, न घेता काय चाळतं, किती वेळ उभं राहतं, हे सगळं माझ्यात साठत गेलं.

मामांची एक रीत होती. दुकानाच्या बाहेर, ओट्यावर, एक लांब फळी लावलेली होती. तिच्यावर ते जुनं वर्तमानपत्र चिकटवायचे. वाचायला माणूस थांबला की पाच मिनिटांनी काहीतरी घेतोच, असं त्यांचं म्हणणं. एका पावसाळ्यात पत्र यायचं बंद झालं, पूल वाहून गेला होता. फळी रिकामी राहिली. मी मामांना चार पानं दिली. नुसती त्यांच्या बैठकीवर ठेवली.

ती पोळ्याची गोष्ट होती. एका गावातलं पुस्तकांचं दुकान, पोळ्याच्या आदल्या दिवशी तिथून एक मोठं चित्रांचं पुस्तक नाहीसं होतं, आणि शेवटी एका फाटक्या पानावर चिकटलेल्या बेगडीच्या तुकड्यावरून चोर सापडतो; बैलांची शिंगं मढवताना हात न धुता त्यानं पान उलटलेलं असतं. दुकानाशिवाय मला दुसरं जग ठाऊक नव्हतं, म्हणून गोष्ट दुकानात घडली.

मामांनी पानं वाचली. चष्मा काढून पुसला. “शेवटचं पान बाजूला ठेवू,” ते म्हणाले. “सणाच्या दिवशी लावू. तोपर्यंत घोर लागू दे लोकांना.”

“माझं नाव नको,” मी म्हटलं.

“मग अक्षरही नको,” असं म्हणून त्यांनी बोरू घेतला आणि दुकानाच्या पाट्या रंगवायचे त्या ठसठशीत अक्षरात सगळी गोष्ट स्वतः उतरवून काढली.

पोळ्यानंतर गणपतीची गोष्ट लागली, मग दसऱ्याची. दसऱ्याच्या गोष्टीत सगळे शपथा घेतात की हरवलेलं पुस्तक सरस्वतीच्या पूजेत मांडलं होतं. पण ते सापडतं तेव्हा त्याच्यावर हळदीकुंकवाचं बोटच उमटलेलं नसतं. म्हणजे ते पूजेत नव्हतंच, आदल्या दिवशीच गेलं होतं. ही गोष्ट फार गाजली. बाजाराच्या दिवशी ओट्यासमोर बैलगाड्या अडायला लागल्या. वाचता येणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ, म्हणून मराठी शाळेचे गुरुजी वाचून दाखवू लागले. त्यांचा आवाज खरोखर चांगला होता. चोर कुजबुजत असेल तर ते कुजबुजत. मालक ओरडला की समोरची पोरं दचकत. पडद्याआड बसून मी माझीच वाक्यं त्यांच्या तोंडून ऐकायची आणि मला ती माझ्यापेक्षा मोठी वाटायची. हे मी त्यांचं देणं मानते.

लोक त्यांना म्हणायचे, “गुरुजी, डोकं हाय तुमचं!” गुरुजी हसायचे. आधी ते म्हणायचे, “अहो, मी नुसता वाचणारा.” मग नुसतेच हसायला लागले. दिवाळीपर्यंत त्यांना पानाचे विडे येऊ लागले होते, आणि ते घेत होते.

दिवाळीची गोष्ट मी सगळ्यांत मन लावून लिहिली.

त्यातल्या दुकानात एक जुनी सचित्र पोथी असते. लक्ष्मीपूजनाला ती लाल फडक्यात बांधून लक्ष्मीशेजारी पाटावर ठेवलेली. उंबऱ्यापासून पाटापर्यंत घरातल्या सुनेनं तांदळाच्या पिठाची लक्ष्मीची पावलं काढलेली, कालवलेल्या पिठाची वाटी उंबऱ्याशीच राहिलेली. पूजा आटोपते, मालक फराळाला आत जातो. तेवढ्यात तिघंजण एकामागून एक दुकानात येतात आणि लाह्याबत्ताशांचा प्रसाद घेऊन जातात: दुकानाचा मुनीम, घासलेटवाला आणि चातुर्मासात त्या पोथीवरून पुराण सांगणारे पुराणिकबुवा. सकाळी फडकं सोडतात तर आत उजळणीची पुस्तकं. पोथी गेलेली. तिघंही सांगतात, आम्ही उंबऱ्याच्या आत पाऊलच टाकलं नाही, प्रसाद दाराशीच होता. आणि पिठाची पावलं पाहावीत तर पुसलेली नाहीत.

इथं मी एक वाक्य लिहिलं होतं. ते असं: “पावलं जशीच्या तशी होती, फक्त उंबऱ्याजवळच्या जोडीत दोन्ही पावलांचे अंगठे एकाच अंगाला होते.”

सगळी गोष्ट या वाक्यावर उभी होती. ते मी मुद्दाम कंदिलाच्या काजळीबद्दलच्या दोन लांब वाक्यांच्या मधे दडवलं होतं. बाहेर ओट्यावर रोज वाद व्हायचे. कोणी कुलपाबद्दल बोलायचं, कोणी घासलेटच्या वासाबद्दल. अडत्याचा सगळा भर मुनिमावर होता: “मुनीम म्हटला की चोरच. माह्या मुनिमाले पाहा.” पावलांकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. मी आत बसून मनातल्या मनात हसायची.

वसुबारसेच्या सुमारास अकोल्याचे एक छापखानेवाले पंचांगांचा उरलेला माल घेऊन आले. जाडजूड, पायात पंप शू. ओट्यावर उभे राहून त्यांनी गोष्ट पहिल्यापासून वाचली, मग मामांकडे जुन्या गोष्टी मागितल्या आणि त्याही तिथंच बसून वाचून काढल्या.

“याचं पुस्तक करू,” ते म्हणाले. “सणासणांच्या गोष्टी. जत्रेत हातोहात जातील. लेखक कोण?”

मामा बोलायच्या आत चारपाच आवाज आले, “गुरुजी! हे काय, इथंच उभे हायेत.”

मी पडद्याखालून पाहत होते. तुटक्या अंगठ्याची चप्पल थोडी मागं सरकली, थांबली आणि मग पुढं आली. “तसं काही विशेष नाही,” गुरुजी म्हणाले. “आपलं सुचलं ते.”

“मग पाडव्याला येतो मी. शेवट तुमच्या तोंडून ऐकतो आणि तिथंच ठरवून टाकू. पुस्तकावर तुमचं नाव मोठ्या टायपात घालू.”

त्या दिवशी जेवताना मामा बराच वेळ ताटात बोट फिरवत राहिले. “मी वचन दिलंय,” ते म्हणाले. “तू मोकळं केलंस तर आत्ता जाऊन सांगतो.”

मी मान हलवली. मामांनी सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, भाचीला पुढं करतात. आणि मी सांगायचं म्हणजे पडदा बाजूला करून त्या सगळ्या जोड्यांसमोर उभं राहायचं.

मामी भाकरी टाकत होती. तिनं तवा जरा जोरातच आपटला. “तोंडात पान्याची गुयनी धरली काय वं? तुह्यं पोर दुसऱ्याच्या पायन्यात निजवून राह्यले, आन् तू पाहून राह्यली.”

“मामी, मला नाही जमणार.”

“मंग रडू नको मांगून. मले रडन्याऱ्या पोरी आवडत नाही.”

मी एकच केलं. शेवटचा भाग मी अजून कागदावर उतरवला नव्हता, तो उतरवलाच नाही. गुरुजी रोज सकाळी येऊन फळीकडे पाहायचे, मग मामांकडे. “शेवट?” ते हळूच विचारायचे. मामा म्हणायचे, “आला नाही.” धनत्रयोदशीलाही तेच, लक्ष्मीपूजनालाही तेच. पाडव्याच्या सकाळी तुटका अंगठा नवीन चामड्यानं शिवलेला दिसला, आणि त्या चपला ओट्यावर नुसत्या फेऱ्या घालत होत्या. मला वाईट वाटलं. पण लिहावंसं वाटलं नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा ओट्यावर, पायऱ्यांवर, रस्त्याच्या पलीकडेही माणसं होती. छापखानेवाल्यांना आत गादीवर बसवलं होतं. केनवडची एक म्हातारी बाजाराला आली होती, ती गाडीवानाला थांबवून पायरीवरच बसली. पडद्याआड मामी आणि गल्लीतल्या बायका दाटीवाटीनं बसलेल्या, करंज्यांचं ताट मधे. अडत्यानं नारळ आणि शेला आणला होता, गुरुजींना पांघरायला.

गुरुजींनी घसा साफ केला. हातात कोरा कागद होता. पडद्याखालून नाही दिसला, पण फटीतून मी पाहिला. त्यांनी शेवट सांगायला सुरुवात केली. मुनिमानं चोरी केली. मुनिमाच्या घरी अडचण होती. पहाटे त्याला पश्चात्ताप झाला, मालकाच्या पायावर डोकं ठेवून तो रडला. रडणं गुरुजींनी इतकं हुबेहूब केलं की शिंप्यानं डोळे पुसले.

“पाहा!” अडत्या ओरडला. “मी म्हटलं नव्हतं? मुनीम!”

टाळ्या सुरू होणार तेवढ्यात पायरीवरची म्हातारी म्हणाली, “आन् पावलायचं काय जी?”

“कोणती पावलं, आजी?”

“तुमीच वाचलं ना. दोनी आंगठे एका अंगाले. मी तवापासून इचार करून राह्यली. रस्ताभर केला इचार.”

गुरुजींनी फळीकडे पाहिलं. ते वाक्य तिथं होतंच, मामांच्या ठसठशीत अक्षरात. “हां, ते,” ते हसले. “ते काय, लिहिताना झालेली चूक आहे, आजी. घाईत होतं असं. त्याला काही अर्थ नाही. छापताना काढून टाकू.”

नावाचं मला इतकं लागलं नव्हतं. मोठ्या टायपात त्यांचं नाव येणार, हेही मी गिळलं होतं. पण ते वाक्य काढून टाकणार, हे मला गिळवेना. ते वाक्य मी किती वेळा लिहिलं आणि खोडलं होतं!

माझ्यामागं बायकांत खसखस पिकली. “चूक म्हने,” मामी पुटपुटली. “जल्मात कधी पावलं काढली असती तं समजलं असतं.”

कालच्या पूजेची पिठाची वाटी कोनाड्यात होती, पीठ खाली बसलेलं. मी बोटानं ते ढवळलं, वाटी उचलली आणि पडदा बाजूला केला.

“मडम आली,” कोणीतरी म्हणालं. मला पहिल्यांदाच त्या सगळ्या पायांवरची तोंडं दिसली. अडत्याच्या हनुवटीला खड्डा होता. शिंपी माझ्या कल्पनेपेक्षा तरुण होता. मी कोणाच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. दुकानाच्या मधोमध, काळ्या फरशीवर बसले, दोन्ही मुठी पिठात बुडवल्या आणि शेजारी शेजारी टेकवल्या. उजव्या मुठीचं एक पाऊल, डाव्या मुठीचं दुसरं. वर बोटांनी टिंबं दिली, अंगठ्याचं मोठं. महालक्ष्म्यांना आमच्याकडे प्रत्येक घरात काढतात तशी जोडी, अंगठे आतल्या बाजूला, समोरासमोर.

बायका पडद्यातून डोकावत होत्या. पुरुषांना अजून काही कळलं नव्हतं.

मग मी डावा हात पदराला पुसून शेजारचं एक पंचांग उचललं, ते छातीशी धरलं, आणि उरलेल्या एकट्या उजव्या मुठीनं दुसरी जोडी काढली. दोन्ही पावलं एकाच पायाची झाली. दोन्ही अंगठे एका अंगाला.

“आवं माय!” म्हातारी उभीच राहिली. “एकच हात मोकळा होता त्याचा!”

“कोनाचा?” अडत्या.

“चोराचा, आनखी कोनाचा! आत येताना नाही तं जाताना त्याच्या पायानं पावलं पुसली. मंग त्यानं नवीन काढली. पन एका हातानं.”

“आन् दुसऱ्या हातात?”

“पोथी!” शिंपी आणि मामी एकदमच ओरडले, एक ओट्यावरून आणि एक पडद्यातून.

“मंग खाली ठेवाची ना लेकाच्यानं,” अडत्या म्हणाला. “दोनी हात मोकळे करून मस्त पावलं काढाची. कोनाले समजलं असतं?”

सगळे विचार करत होते, आणि मला ते समोर दिसत होतं. पडद्याआडून मी ते कधीच पाहिलं नव्हतं: एवढ्या माणसांच्या कपाळावर एकाच वेळी पडलेली आठी. मग केनवडच्या म्हातारीनं हात जोडले, कोणाला ते तिचं तिलाच माहीत.

“पोथी कोनी भुईवर ठेवते काय रे?” ती हळू म्हणाली. “घासलेटवाला ठेवन. मुनीम ठेवन. ज्यानं चार मयने थे डोक्याले लावून वाचली, त्याच्या हातून नाही ठेवल्या जात. चोरली तरी नाही.”

“पुराणिकबुवा!” रस्त्याच्या पलीकडून आवाज आला. आणि मग ओटा असा दणाणला की समोरच्या दुकानातले लोक पणत्या सोडून बाहेर आले. शिंपी अडत्याच्या पाठीवर थापा मारत होता, “घे तुहा मुनीम! घे!” अडत्या स्वतःच हसत सुटला होता. मामा गल्ल्यावर बसून चष्मा पुसत होते, आणि तो कितीही पुसला तरी त्यांना स्वच्छ वाटत नव्हता.

मी फरशीवर तशीच बसले होते, उजवी मूठ पिठानं पांढरी, पंचांग छातीशी. छापखानेवाले गादीवरून उठून वाकले होते आणि ती दोन एकसारखी पावलं पाहत होते. ते गुरुजींकडे वळले. “अहो, इतका सुरेख शेवट हातात असताना तुम्ही मुनिमाला कशाला रडवलंत?”

गुरुजींच्या खांद्यावर शेला अजून पडला नव्हता. तो अडत्याच्याच हातात होता. गुरुजींनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, रागानं नाही, शाळेत पाहतात तसं.

“हे तुला कोणी सांगितलं, बाळ?”

मामी पडद्यात श्वास धरून उभी होती हे मला न पाहता कळलं. मी उठून उभी राहिले आणि नीट, सावकाश, एकेक शब्द ठेवून बोलले, माझं मराठी आहे तसं.

“कोणी सांगितलं नाही, गुरुजी. ही गोष्ट मी लिहिली आहे. पोळ्यापासूनच्या सगळ्या मीच लिहिल्या आहेत. पावलांची ती चूक नाही. छापाल तेव्हा ते वाक्य तसंच ठेवा, आणि खाली नाव माझं घाला.”